दोन चौकटींमधली जागा

सोमवारी सकाळी भिंगरीला शाळेच्या गाडीत बसवून आलं, की मास्तरीण आगपेटीतल्या सहा काड्या टेबलावर ओळीने मांडायची. पानावर सहा चौकटी, एका चौकटीला एक काडी. त्या चौकटीत काय घडणार ते पक्कं ठरलं, की त्या काडीचं गुल वरच्या बाजूला करायचं. सहाही गुलं वर आली की पान झालं. मग चहा.

"लोक विचारतात, बायको काय करते," भिंगरीचा बाबा म्हणायचा. "मी सांगतो, घरात बसून काड्या करते. वर तिला त्याचा पगार मिळतो."

मास्तरीण हे काही तिचं खरं नाव नव्हे. लिहायला लागण्यापूर्वी तिने सहा वर्षं कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रात्यक्षिकं घेतली होती, आणि अजूनही बोलताना ती हवेत खडू धरल्यासारखी बोटं धरायची. म्हणून रंगकाकांनी हे नाव ठेवलं, ते चिकटलं. रंगकाका म्हणजे तिच्या चित्रकथेचे चित्रकार. वय साठीच्या पुढे, चष्म्याच्या दोन्ही काचांवर कायम शाईचे ठिपके. गेली पाच वर्षं ही दोघं मिळून मुलांच्या एका मासिकात 'लवंगी आणि भोपळा' करत होती. लवंगी धाकटी, तिखट, पायातला एक मोजा नेहमी घसरलेला. भोपळा तिचा दादा. गोल, भित्रा आणि प्रत्येक भानगडीत पहिला सापडणारा. घसरलेला मोजा भिंगरीचा होता. डोक्यावरच्या दोन शेंड्याही तिच्याच. रंगकाकांनी तिला दोन वर्षांची असताना पाहिलं आणि तिथल्या तिथे वर्तमानपत्राच्या कडेला लवंगी काढली. आता भिंगरी सात वर्षांची झाली होती, आणि नवा अंक आला की आरशात बघावं तसा तो उघडायची.

चित्रकथा लिहिणाऱ्याचं खरं काम चौकटीत नसतंच, असं मास्तरीण म्हणायची. ते असतं दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या पट्टीत. एका चौकटीत भोपळा शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभा. पुढच्या चौकटीत तो जमिनीवर, कपाळाला टेंगूळ. पडणं कुणी काढलेलंच नसतं. ते वाचणारं मूल आपल्या मनात घडवतं, आणि वर शपथेवर सांगतं की मी पाहिलं.

"आपण नुसती शिडी द्यायची," रंगकाका म्हणायचे. "पाडायचं काम गिऱ्हाईक करतं."

त्या पट्टीची रुंदी पाच मिलिमीटर. तेवढ्या जागेत वेळ किती जातो, हे कुणी मोजलेलं नव्हतं.

महिनाअखेरीला संपादक मुलांची पत्रं तपकिरी पाकिटात घालून पाठवायचे. मास्तरीण प्रत्येकाला कार्ड लिहून उत्तर द्यायची आणि पत्रं संपादकांकडे परत पाठवायची. पत्रांत नेहमीचंच असायचं. भोपळ्याला मांजर द्या. लवंगीला एकदा तरी उडू द्या. माझं नाव छापा, नाहीतर मी वर्गणी बंद करीन. त्या दिवशी एका आठ वर्षांच्या मुलाचं पत्र निघालं. पेन्सिलीने, स्वतः रेघा मारून, त्या रेघांवर लिहिलेलं.

"भोपळा शिडीवरून पडला तेव्हा त्या मावशीने त्याला धरलं का नाही? ती तर शिडीजवळच उभी होती."

गोष्टीत मावशी नव्हती. लवंगी, भोपळा, आई, बाबा, एक शेजारी आणि त्याचं कुत्रं, एवढीच माणसं पाच वर्षांत आली होती. मास्तरणीला हसू आलं. 'पुढच्या वेळी मावशीला सांगते हं,' असं तिने कार्डावर लिहिलं आणि पुढचं पत्र उचललं. ते एका मुलीचं होतं, राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाच्या गावातून आलेलं.

"मावशीला फुगा का देत नाही? ती काहीतरी बोलते पण ऐकू येत नाही."

फुगा म्हणजे ज्यात बोलणं लिहितात तो. चित्रकथा वाचणाऱ्या पोरांना हे शब्द पाठ असतात. मास्तरणीने लेखणी खाली ठेवली. पाकीट उलटं केलं आणि उरलेली सगळी पत्रं आधी नुसती वाचून काढली. तिसरं तळाशी होतं.

"मावशी एक हात सारखा पाठीमागे का लपवते?"

तीन हा आकडा योगायोगात बसतो, असं तिने स्वतःला बजावलं. प्रात्यक्षिकात तीन वाचनांवरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलांना ती वर्गाबाहेर काढायची. तिने संपादकांना फोन केला, आणि गेल्या वर्षभराची सगळी पत्रं मागवली.

"अहो मॅडम, दोन पोती आहेत," संपादक म्हणाले. "करणार काय त्यांचं?"

"मोजणार."

"मोजा बापडे. तेवढीच माझी खोली मोकळी होईल."

आठवडाभर ती काड्या मांडायच्या टेबलावर पत्रं मांडत होती. हे टेबल बंद करून घेतलेल्या बाल्कनीत होतं. एका बाजूला खिडकी, खाली इमारतीचं फाटक आणि त्याच्यापुढे शाळेची गाडी थांबते तो कोपरा. पत्रं सुमारे दोन हजार निघाली. एकतीस पत्रांत मावशी होती. आणि मास्तरणीला खरा धक्का बसला तो याचा, की या एकतिसांपैकी प्रत्येक पत्र तिने पूर्वी वाचलेलं होतं, कोपऱ्यात तिचीच बरोबरची खूण होती. वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. मुलं काहीही लिहितात.

तिने वहीत तक्ता केला. अंक, पान, कुठल्या दोन चौकटींच्या मधली जागा, मुलाचं वय, मुलाने काय लिहिलं. दहा वर्षांच्या वरचं एकही मूल त्यात नव्हतं. एकमेकांना ओळखतील अशी दोन मुलंही नव्हती. तरी मावशी सगळ्यांची एकच होती. उंच. राखाडी साडी. पायात काही नाही. एक हात पाठीमागे. ती चौकटीत कधीच नसायची, मधेच असायची. वर्षापूर्वीच्या अंकात ती घराच्या फाटकाशी होती. मग दाराशी. मग कपाटाजवळ. मग शिडीजवळ. ताज्या अंकाबद्दल सहा वर्षांच्या एका मुलीने लिहिलं होतं, "मावशी लवंगीच्या खुर्चीच्या मागे उभी राहून तिच्या शेंड्या मोजते."

रंगकाकांच्या चित्रांत त्या घराचा नकाशा कायम तोच असे, त्यामुळे अंतर मोजता येत होतं. मास्तरणीने आलेख काढला. आडव्या रेषेवर अंक, उभ्या रेषेवर लवंगीपासूनचं अंतर.

आलेख काढायला नको होता, असं तिला नंतर वाटलं. ठिपके जवळजवळ सरळ रेषेत होते. मोजपट्टी लावून रेष पुढे नेली, तर ती आणखी दोन अंकांनी शून्याला टेकत होती.

रंगकाका मूळ चित्रं सपाट लाकडी खणांत ठेवत. मास्तरणीने शिडीचं पान मागितलं आणि भिंगाने मधली पट्टी पाहिली. पांढरा कागद, आणि एका जागी खोडरबराचा वळसा.

"काका, इथे काही होतं का?"

"पेन्सिलीची रेघ गेली असेल चौकटीबाहेर. का?"

"इथे माणूस वगैरे काढला होतात का कधी? गमतीने?"

रंगकाकांनी चष्मा काढून पुसला, त्यामुळे शाईचे ठिपके जरा पसरले. "मास्तरीणबाई, मी पांढऱ्यावर पांढरं काढायला लागलो की मला घरी बसवा. तोवर मी चौकटीत राहतो, चौकटीबाहेरचं तुमच्याकडे."

तिने त्यांना तक्ता दाखवला नाही. हसतील म्हणून नव्हे. ते हसलेच नसते तर काय, म्हणून.

राहिली भिंगरी. मास्तरणीने हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. प्रश्न असा विचारायचा की त्यात उत्तराचा वासही नको, हे तिला ठाऊक होतं. शनिवारी दुपारी जेवणानंतर तिने ताजा अंक भिंगरीपुढे ठेवला.

"मला गोष्ट सांग. पहिल्यापासून. काहीही गाळायचं नाही."

"तूच तर लिहिलीस."

"मी विसरले."

"म्हातारी झालीस," भिंगरी म्हणाली आणि पानावर बोट ठेवून सांगायला लागली. लवंगी खुर्चीवर बसून अभ्यास करते. भोपळा मागून येऊन तिची वही पळवतो. "मग मावशी खिडकी लावून घेते. मग लवंगी ओरडते, पण खिडकी बंद आहे ना, म्हणून बाहेर कुणाला ऐकूच जात नाही. मग भोपळा वही परत देतो."

मास्तरणीने पान पाहिलं. दुसऱ्या चौकटीत खिडकी उघडी होती. तिसऱ्या चौकटीत बंद होती. तिने संहितेत खिडकीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

"कोण मावशी?"

"ही काय." भिंगरीने बोट सरकवून पांढऱ्या पट्टीवर ठेवलं. तिने पानाकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईकडेच बघत होती, आई वेड पांघरते आहे का ते ताडत. "तूच तर जागा ठेवतेस तिच्यासाठी."

"तुला तिची भीती वाटते का गं?"

भिंगरीने विचार केला. "नाही. ती माझ्याशी चांगली वागते."

"तुझ्याशी?"

"म्हणजे लवंगीशी," भिंगरी म्हणाली आणि पाणी प्यायला उठून गेली. एक मोजा घसरलेला होता.

रात्री जेवताना मास्तरणीने हे नवऱ्याला सांगितलं, आलेखासकट. त्याने नेहमीसारखा विनोद केला नाही, हे तिला आवडलं नाही.

"मुलं एकमेकांकडून ऐकतात गं," तो शेवटी म्हणाला.

"कसं? एकमेकांना ओळखत नाहीत ती."

"मग खिडकी रंगकाकांची चूक. माणूस दमतो. तू पण दमलीयस."

दमायला कारण होतं. 'लवंगी आणि भोपळा'ची चलच्चित्र मालिका, म्हणजे कार्टून, होऊ घातली होती. टायरच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एका स्टुडिओत सात मिनिटांचा पहिला भाग तयार होत होता, आणि तो पास झाला तर पुढचे पंचवीस भाग मास्तरीण लिहिणार होती. कॉलेजची नोकरी सोडल्यापासून ती याचीच वाट बघत होती. आता तिच्या लक्षात आलं, की चित्रपटात पांढरी पट्टी नसते. भोपळा शिडीवरून पडतो तो सगळा, दर सेकंदाला पंचवीस चित्रं या हिशेबाने, पडावाच लागतो. कागदावर जी जागा आपण सोडून देतो, ती तिथे कुणालातरी बसून काढावी लागते.

ती काढणारी एक मुलगी होती, विशी-बाविशीतली. हालचालीचं पहिलं आणि शेवटचं चित्र मोठे कलाकार काढून देत. मधली सगळी ही काढायची. दोन टोकं शिवते म्हणून स्टुडिओत तिला सगळे टाका म्हणत. मंगळवारी टाकाचा फोन आला.

"ताई, जरा येऊन जाता का? साहेबांना नाही सांगितलेलं अजून."

स्टुडिओत टायरच्या रबराचा वास होता. टाकाचं टेबल म्हणजे दुधी काच, खाली दिवा. काचेवर एकावर एक कागद. तिने वरचं आणि खालचं चित्र बाजूला काढून दाखवलं. पहिल्यात लवंगी दारात उभी, भोपळ्याची वाट बघत. दोन्ही हात खाली. शेवटच्यात ती तशीच, नुसती मान वळलेली. दोन्ही हात खाली.

"बारा चित्रं मधली. मान वळवायची, एवढंच काम. झोपेतही होईल. आता हे बघा."

तिने कागदांची गड्डी अंगठ्याने सरसर सोडली. लवंगीची मान वळली. आणि वळता वळता तिचा डावा हात सावकाश वर गेला, खांद्याच्या जरा खाली थांबला, मूठ वळली, आणि परत खाली आला.

"पुन्हा," मास्तरीण म्हणाली.

टाकाने पुन्हा सोडली. मूठ पूर्ण बंद होत नव्हती. मधे जागा होती; एका बोटाएवढी.

"कुणाचं तरी बोट धरल्यासारखं वाटतं ना?" टाका म्हणाली. "मी तीनदा फाडून नव्याने काढलं, ताई. हात खाली, हात खाली, मग मधे वर जायचं काही कारण? पण काढायला बसले की ते तसंच येतं. मला वाटलं तुम्ही स्क्रिप्टमधे काही लिहिलंय."

"नाही."

"मग माझंच डोकं फिरलंय. या कामात फिरतं." ती हसली, पण गड्डी काचेवर उलटी ठेवली. "एकदा साहेब मला शेवटचं चित्र द्यायलाच विसरले. मी आपली काढतेय, काढतेय. तो माणूस चालत चालत कागदाच्या बाहेर गेला. साहेब ओरडले. मी म्हटलं, दोन्ही टोकं द्या, मी मधलं काहीही काढते. पुढचं टोकच नसेल तर त्याने थांबायचं कुठे?"

मास्तरीण या गोष्टीला मान डोलवत होती, पण तिचं लक्ष नव्हतं. ती मनात अंक मोजत होती.

घरी आली तेव्हा साडेतीन वाजले होते. खिडकीतून तिने शाळेची गाडी कोपऱ्यावर थांबताना पाहिली. एरवी भिंगरी उतरली की पळत सुटायची, दप्तर पाठीवर आपटत. आज ती चालत आली. बेताच्या पावलांनी, कुणा मोठ्या माणसाच्या चालीशी चाल जुळवावी तशी. उजवा हात दप्तराच्या पट्ट्यावर होता. डावा हात खांद्याच्या जरा खाली, हवेत होता. मूठ वळलेली.

फाटकाशी येऊन तिने तो हात खाली केला. मागे वळून पाहिलं. मग पळत जिना चढली.

"हात असा का धरला होतास?"

"कसा?" भिंगरी म्हणाली.

त्या दिवशी मास्तरणीने ठरवलं. कारणाच्या मागे लागायचं नाही. कारण कळलं नाही तरी धोक्याचं यंत्र बंद करता येतं. प्रयोगशाळेत पहिलं हेच शिकवतात. रेष शून्याला टेकणार होती ती पुढच्याच्या पुढच्या अंकात. म्हणजे पुढचा अंक शेवटचा करायचा. आणि त्यात पट्टी ठेवायचीच नाही.

"एकच चित्र," तिने रंगकाकांना सांगितलं. "पानभर. मधे कुठेही जागा नको. सगळे घरात आहेत, दुपारची वेळ, सगळे टेबलाशी बसलेत. सगळी दारं बंद. खिडक्या बंद. कड्या घातलेल्या दिसू देत. फाटकाला कुलूप. खाली 'समाप्त'."

"पाच वर्षं सांभाळलेली पोरं अशी एका पानात आवरायची?" रंगकाका म्हणाले. मग त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आणखी काही विचारलं नाही. कड्या त्यांनी इतक्या मन लावून काढल्या की खिळेसुद्धा मोजता येत होते.

संपादक अर्धा तास फोनवर भांडले. स्टुडिओच्या साहेबांनी तर सरळच विचारलं, डोकं ठिकाणावर आहे ना. मालिका गेली. पंचवीस भाग गेले. मास्तरणीने काड्या आगपेटीत भरल्या आणि आगपेटी स्वयंपाकघरात ठेवून दिली. भिंगरीच्या बाबाने एकदाच विचारलं, "नक्की?" ती म्हणाली, "नक्की." त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कामाला गेला.

शेवटचा अंक निघाला. तीन आठवडे काही झालं नाही. भिंगरी पूर्वीसारखी पळत घरी येऊ लागली, हात वाऱ्यावर सोडून. गुडघे फोडून घेतले, एका मुलीशी अबोला धरला, भाजी बशीखाली लपवली. मास्तरणीने सुटकेचा निःश्वास टाकला. एका कॉलेजात जागा निघाली होती. तिने अर्जसुद्धा लिहायला घेतला.

महिनाअखेरीला पाकीट आलं. या वेळी एकाच्या जागी तीन पाकिटं.

ती दुपारी तीनला खिडकीशी बसून वाचू लागली. मुलांनी शिव्या घातल्या होत्या, विनवण्या केल्या होत्या. बंद का केलंत? चौथ्या पत्राच्या शेवटी एक ओळ होती. "आणि मावशी कुठे गेली?"

सातव्यात तीच ओळ. नवव्यात. मग जवळजवळ प्रत्येक पत्रात. मोठ्या अक्षरात, लहान अक्षरात, चुकीच्या अक्षरात. पूर्वी एकतीस मुलांना दिसणारी मावशी आता शंभर मुलांना दिसत नव्हती.

दुसऱ्या पाकिटात तो पेन्सिलीच्या रेघांवर लिहिणारा मुलगा होता.

"मी शेवटचं चित्र खूप वेळ बघितलं. मावशी आत नाही. तुम्ही सगळ्या कड्या आतून लावल्यात म्हणून ती बाहेर राहिली का? आता तिला परत पुढच्या चौकटीत जायचं असेल तर पुढची चौकट कुठे आहे?"

मास्तरणीने पत्र पुन्हा वाचलं.

मधली जागा दोन चौकटींच्या मधे असते. एक अलीकडे, एक पलीकडे. म्हणूनच ती पाच मिलिमीटरची असते. पलीकडची चौकट तिने काढून टाकली होती.

पुढचं टोकच नसेल तर त्याने थांबायचं कुठे?

घड्याळात तीन पंचवीस झाले होते. ती चप्पल न घालताच जिना उतरली.

गाडी कोपऱ्यावर थांबली होती. मुलं उतरत होती. भिंगरी शेवटची उतरली. तिने गाडीकडे पाठ केली, आणि डावा हात वर केला. वाट बघत असल्यासारखा नाही. सवयीने.

मास्तरीण धावत गेली आणि तिने तो हात धरला.

हात गरम होता. एवढा गरम, की कुणी आत्ताच सोडला असावा.

"आई! तू खाली कशी?"

"चल. घरी चल."

ती भिंगरीचा डावा हात घट्ट धरून चालू लागली. चार पावलं. पाच. भिंगरी दुसऱ्या बाजूला जराशी कलली होती. मास्तरणीने वळून पाहिलं. मोकळा असलेला उजवा हात सावकाश वर जात होता. खांद्याच्या जरा खाली थांबला. मूठ वळली.

मास्तरीण थांबली. तिने तोही हात ओढून घेतला. आता भिंगरीचे दोन्ही हात तिच्या दोन्ही हातांत होते, आणि दोघी फुटपाथवर एकमेकींकडे तोंड करून उभ्या होत्या. शेजारून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. फाटक वीस पावलांवर होतं. फाटकाची कडी उघडायला एक हात लागणार होता.

"आई, दुखतंय," भिंगरी म्हणाली.

मास्तरणीने पकड सैल केली नाही.

भिंगरीने मान वर केली. तिने आईकडे पाहिलं नाही. आईच्या खांद्यावरून मागे, उंच कुणाच्या तरी तोंडाकडे बघावं तसं पाहिलं, आणि समजूत घातल्यासारखी हळूच म्हणाली,

"थांब ना जरा. ती सोडेल आत्ता."